देहावरील खुणा आणि मनातील भय

(संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त परभणी येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



श्रावण वद्य द्वादशीच्या या पुण्यदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय आरोग्याचा असावा, एवढेच त्यांनी सुचविले. मी सरकारच्या कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामात छत्तीस वर्षे घालविली, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्तच होती. तथापि स्वच्छता कशी राखावी, पाणी कसे गाळावे, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आला आहात. तेच पुन्हा ऐकवून आपला वेळ मी घेणार नाही. मला आज बोलावयाचे आहे ते रोगाविषयी कमी आणि रोगाच्या भयाविषयी अधिक. अंगावर काही नवे दिसले, केस गळू लागले, कातडीचा रंग पालटला, गाठ हाताला लागली, आणि त्याचे कारण कळेना, म्हणजे माणसाच्या मनाची जी अवस्था होते, तिच्याविषयी.

हा विषय आपल्याच मेळाव्यात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. मराठवाड्यात आपल्याला वारीक म्हणत, अन्यत्र न्हावी म्हणत, आता नाभिक म्हणतात. नाव कोणतेही असो, दुसऱ्याच्या देहाकडे इतक्या जवळून आणि इतक्या नियमाने पाहणारा दुसरा व्यवसाय नाही. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, टाळूचा मागचा भाग दिसत नाही, कानामागची जागा दिसत नाही. ते सारे आपण दर पंधरा दिवसांनी उजेडात पाहतो. डॉक्टरकडे माणूस दुखल्यावर जातो. आपल्याकडे तो काहीच दुखत नसताना येतो. म्हणून कित्येक खुणा प्रथम आपल्या दृष्टीस पडतात, आणि त्या खुणेला पहिला शब्द देण्याचे कामही, आपली इच्छा असो वा नसो, आपल्याकडेच येते. पूर्वी धोकटीत वस्तरा, नराणी, चिमटा आणि आरसा असे. तुंबडी लावणे, गळू फोडणे हीही कामे आपले आजे-पणजे करीत. ती कामे गेली, ते योग्यच झाले. परंतु आरसा अजून आपल्याच हातात आहे.

अलीकडचेच एक उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज येई, मग केस हातात येत, आणि तीन-चार दिवसांत पुरे टक्कल पडे. पुरुष, स्त्रिया, शाळा-कॉलेजातील मुले-मुली, कोणी सुटले नाही. आकडा वाढत वाढत अठरा गावांतील २७९ माणसांपर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. बुलढाणा आपल्यापासून दूर नाही.

आता त्या दिवसांत लोक काय बोलत होते, ते आठवा. कोणी म्हणे साबणाचा दोष, कोणी म्हणे शांपूचा. ज्यांनी जन्मात शांपू लावला नाही त्यांचेही केस गेले, तेव्हा ती गोष्ट मागे पडली. मग पाण्याकडे बोट गेले. तो भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, तेथील पाणी खारट आहे, त्यात नायट्रेटही अधिक निघाले. पाणी पिण्याजोगे नव्हते हे खरे, पण केस गळण्याचा खुलासा त्याने होईना. बुरशीचा संसर्ग असावा असाही तर्क झाला. आणि या गोंधळात वृत्तपत्रांतून व मोबाईलमधून एक नाव निघाले : ‘टक्कल व्हायरस’. व्हायरस कोणीही पाहिला नव्हता, कोणत्याही तपासणीत तो निघाला नव्हता. परंतु नाव मिळाले आणि त्या नावासरशी भयाला पाय फुटले. ज्याला नाव आहे ते एकाचे दुसऱ्याला लागणार, असे लोकांनी गृहीत धरले. ज्या घरांत मुलामुलींची लग्ने ठरावयाची होती, त्या घरांवर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना आपण करू शकता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची पथके आली. रक्त, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीचा निष्कर्ष मांडला. विंचूदंशावरील उपचारासाठी साऱ्या जगाला ठाऊक झालेले आणि २०२२ साली पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर महाडला व्यवसाय करीत असले, तरी मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेडचे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, शिधावाटप दुकानांतून आलेल्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात होते. तेथील स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशे पट. हा गहू पंजाबकडून आलेला होता. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते द्रव्य वाढलेले आढळले, आणि जस्ताचे प्रमाण घटलेले आढळले.

सेलेनियम हे विषच आहे असे मात्र समजू नये. आपल्या देहाला ते लागते, पण अगदी कणभर. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतात. जमिनीत ते अधिक असेल तर पिकात उतरते, आणि पिकातून देहात साठले म्हणजे केस आणि नखे यांवर पहिला घाव बसतो. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर व नवांशहर या भागांत अशा जमिनी आहेत, आणि तेथील जनावरांचे केस व खूर त्यामुळे गळतात, हे कित्येक वर्षांपासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे अशीच केस आणि नखे गमावून बसली होती.

शेगावकडे तो गहू खाणे थांबविल्यावर कित्येकांच्या डोक्यावर काही आठवड्यांत पुन्हा लव उगवू लागली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, आणि पुन्हा हलकल्लोळ झाला. वस्तुतः ते नवे संकट नव्हते. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा टोकाकडे दिसावयास काही महिने जावे लागतात. जे आधी पोटात गेले होते, तेच आता बोटांवर दिसत होते.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण आपल्या खुर्चीवर बसणाऱ्या निम्म्या घाबरलेल्या माणसांचे कोडे तीत आहे. देह आपला हिशेब उशिरा मांडतो. विषमज्वर होऊन गेला, बाळंतपण झाले, कोरोना होऊन गेला, मोठी शस्त्रक्रिया झाली, की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. तोवर माणूस बरा होऊन कामाला लागलेला असतो, ताप विसरलेला असतो. आज काही झालेले नाही आणि केस मात्र गळत आहेत, तेव्हा आत काहीतरी भयंकर चालले असले पाहिजे, असा तो तर्क करतो. तर्क चुकीचा नाही. तारीख चुकीची आहे. अशा माणसाला, “दोन-तीन महिन्यांपूर्वी काही दुखणे झाले होते काय?” एवढाच प्रश्न विचारला, तर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी अनेकदा पाहिला आहे. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. ते मोजीत बसल्यास ज्याला भय नाही त्यालाही भय उत्पन्न होईल.

आता भय कसे वाढते, ते मी माझ्याच अनुभवावरून सांगतो. दुसऱ्यांना धीर देण्यात ज्याचा जन्म गेला त्याची ही कथा आहे, म्हणून थोडे हसलात तरी चालेल. सेवानिवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात दाढी करताना माझ्या जबड्याखाली एक लहान गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मी ती दाबून पाहिली. संध्याकाळी पुन्हा दाबली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर माझे बोट घड्याळाच्या काट्यासारखे फिरू लागले. आरशासमोर, वाचताना, जेवताना, रात्री जाग आली म्हणजे. आठ दिवसांत ती दुखू लागली. दुखते म्हणजे वाढते आहे, असे मी मानले. नातवाच्या मोबाईलवर गाठींविषयी वाचले, आणि तेथे लिहिलेले सर्वात वाईट तेवढे माझ्या मनाने उचलले. पत्नीला विचारले, भावाला विचारले, शेजारच्या कंपाउंडरला विचारले. प्रत्येकाने “काही नाही” म्हटले की चार तास बरे वाटे, आणि पाचव्या तासाला पुन्हा कोणाला तरी विचारावे असे वाटे. विचारण्याचीही चटक लागते. डॉक्टरकडे मात्र गेलो नाही, कारण ते काय सांगतील याचे भय होते.

तीन आठवड्यांनी मुलाने ओढून नेले. डॉक्टरांनी जबडा उघडावयास सांगितले आणि खालची एक किडकी दाढ दाखविली. दाढेच्या संसर्गाने सुजलेली ती गाठ, आणि मी दिवसातून पन्नास वेळा दाबून तिला निवू दिली नव्हती. दाढ काढली, बोट आवरले, महिन्याभरात गाठ ओसरली. मी जे भोगले त्यातले दाढेचे किती आणि बोटाचे किती, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आहे.

म्हणून मी भय वाटणाऱ्याला “भिऊ नकोस” असे म्हणत नाही. त्याने कोणाचे भय गेलेले मला माहीत नाही. मी त्याला काम देतो. खूण नीट उजेडात एकदा पाहा, ती कोठे आहे व केवढी आहे ते कागदावर तारखेसह लिहून ठेवा, आणि शिकलेल्या डॉक्टरला एकदा दाखवा. त्यांनी थांबा म्हटले, तर पुन्हा पाहण्याचा दिवस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आणि तोवर त्या जागेला हात लावू नका. रोज पाहिले तर काहीच बदललेले दिसत नाही आणि सारेच बदललेले भासते. महिन्याने पाहिले तर खरे काय ते दिसते. आणि ज्याला डॉक्टरांनी दोनदा निर्धोक सांगूनही झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, त्याला वेड लागले असे समजू नये. भय हेच तेव्हा दुखणे झालेले असते, आणि त्यालाही उपचार आहेत. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला म्हणजे मराठीतूनही बोलता येते, पैसे पडत नाहीत. तरुणांच्या मनात ‘धातू जाण्या’विषयीचे जे भय असते तेही याच जातीचे. १९६० साली डॉ. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने त्याला शास्त्रात नाव दिले. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर त्याची औषधे विकणारे मात्र अजून त्या भयावर जगत आहेत.

आता आपल्या कर्तव्याकडे येतो. आपल्या हातून दोन प्रकारचे अपराध घडतात, आणि दोन्ही मी केलेले आहेत.

पहिला जिभेचा. नोकरी लागण्यापूर्वी मी वडिलांच्या दुकानात बसत असे. एक तरुण शेतकरी डोके करावयास आला. त्याचे लग्न महिन्यावर आले होते. त्याच्या टाळूच्या मागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा मला दिसली, आणि दुकानात चार माणसे बसलेली असताना मी मोठ्याने म्हणालो, “अरे, तुला तर चाई लागली, आता ही पसरणार.” दुसऱ्या दिवशी ते सोयरिकीच्या गावी पोहोचले. त्या मुलाने कोणाकोणाची झोंबणारी औषधे चोळून डोक्याची कातडी जाळून घेतली. वास्तविक चाई म्हणजे कीड नव्हे, आणि ती संसर्गाने लागतही नाही. देहाची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. मुळे मरत नाहीत, आणि एखाद-दुसरी लहान जागा असेल तर बहुधा वर्षाच्या आत केस आपोआप परत येतात. त्याचेही आले, फक्त जेथे जळले होते तेथे आले नाहीत. लग्न झाले, पण सहा महिने लांबले. आणि तो पुन्हा आमच्या दुकानात आला नाही.

दुसरा अपराध मौनाचा आहे. तो सांगण्यापूर्वी कोड आणि कुष्ठ यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण आपल्या भाषेने ‘श्वेतकुष्ठ’ हा एक शब्द करून दोन्हींची गाठ मारली आणि पिढ्यान्‌पिढ्या निरपराध माणसांना छळले. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्या जागी स्पर्श, ऊन-गार सारे कळते. तो कुष्ठ नव्हे, आणि कोणाला लागत नाही. कुष्ठाचा चट्टा पांढराशुभ्र नसतो. फिकट किंवा तांबूस असतो, तेथे बहुधा घाम येत नाही, आणि कापसाचा स्पर्शही कळेनासा होतो. तो दुखत नाही, खाजत नाही. हीच त्याची लबाडी आहे. जे दुखते त्याचे आपण भय बाळगतो. जे दुखत नाही त्याला आपण सोडून देतो. तो वेळेवर दाखविला तर सहा महिने किंवा वर्षभर बहुविध औषधोपचार घ्यावा लागतो, तो फुकट मिळतो, आणि रोग पूर्ण बरा होतो. भारतात ही औषधयोजना १९८३ पासून सुरू झाली. तत्पूर्वी केवळ डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाव्या लागत, तरी त्याही लवकर सुरू केल्या तर हातपाय वाचत.

आता ती गोष्ट. वर्ष १९७९ चे असावे. गोदाकाठच्या आमच्या गावातील एक गृहस्थ वडिलांकडे दर बुधवारी दाढीला येत. बलुत्याच्या दिवसांपासूनचे घर. वडील बाहेरगावी होते, म्हणून वस्तरा माझ्या हातात होता. त्यांच्या मानेवर, कानाच्या पाळीखाली, मला एक फिकट चट्टा दिसला. पाणी लावताना त्यांना तेथे थंड लागले नाही, हेही माझ्या ध्यानात आले. चाईच्या प्रकरणाने मी पोळलो होतो; तोंडातून शब्द काढावयाचा नाही, असे ठरवून बसलो होतो. शिवाय मोठे घर, कुठला शब्द काढला तर गिऱ्हाईक तुटेल, वडील रागावतील. मी टॉवेलने मान पुसली आणि आरसा दाखविला. आरशात त्यांना तो चट्टा दिसणार नव्हता, हे मला ठाऊक होते.

दोन वर्षांनी मी नोकरीत लागलो, प्रशिक्षण घेतले, आणि त्या मानेवर काय होते ते मला कळले. सुटीत गावी गेलो तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वळली होती. औषध त्यांनी नंतर घेतले, रोग थांबला. बोटे वळलेली राहिली.

काय बोलावे, हे मी पुढे नोकरीत शिकलो. माणूस एकटा असताना, हळू आवाजात, जे दिसले तेवढेच सांगावे : “काका, इथे एक फिकट जागा दिसते, तुम्हाला ती दिसणार नाही. दवाखान्यात एकदा दाखवून घ्या.” रोगाचे नाव घेऊ नये, ते आपले काम नव्हे आणि आपल्याला ते येतही नाही. पुढच्या खेपेस “दाखविलेत का?” एवढे विचारावे. मंडळाने शक्य असल्यास लहान छापील चिठ्ठ्या काढाव्यात, अशी माझी सूचना आहे : तारीख, जागा, आकार, आणि जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव. माणूस ती खिशात घालून जाईल, आणि दुकानातल्या दुसऱ्या कोणाला काही कळणार नाही.

आणि ज्याच्या अंगावर खूण आहे त्याला खुर्ची नाकारू नये. नवे पाते, धुतलेला टॉवेल आणि साबणाने धुतलेले हात एवढी खबरदारी तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी घ्यावयाचीच आहे. नकाराचे सामर्थ्य आपल्या समाजाला ठाऊक आहे : १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने आपल्या पूर्वजांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. तो नकार कोणाला होता, हे विसरून चालणार नाही. शेगावच्या त्या गावांत आपले दुकान असते आणि हातात केस धरून एखादी मुलगी बापाबरोबर दारात उभी राहिली असती, तर आपण तिला काय म्हणालो असतो, याचा विचार मी त्या जानेवारीत पुष्कळ केला.

ज्यांची बोटे वळली ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी वारले. अखेरपर्यंत ते बुधवारी आमच्याच दुकानात येत. आता तेथे माझा धाकटा भाऊ बसतो. गावी असलो म्हणजे मी मुद्दाम त्या दिवशी जाऊन बसे. ते डाव्या हाताने चहाचा कप धरीत आणि मी सरकारी नोकरीत नाव काढले म्हणून माझे कौतुक करीत. मी त्यांना कधीही सांगितले नाही. आज प्रथमच सांगत आहे, तेही आपल्याला.